राजापालयम की कारवानी? जत तालुक्यातील एका वस्तीवरील कुत्र्याच्या निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत तालुक्यातील हे शेतकरी कुटुंब गावठाणापासून दूर, स्वतःच्या रानात वस्ती करून राहते. ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि घरातील माणसांचा उल्लेख नात्यानेच केला आहे. घरात पंचेचाळिशीचे कुटुंबप्रमुख, त्यांच्या पत्नी, सत्तरी ओलांडलेले आजोबा, कॉलेजात शिकणारा थोरला मुलगा आणि शाळेत जाणारी धाकटी मुलगी अशी 5 माणसे आहेत. कोरडवाहू जमिनीचा काही भाग विंधन विहिरीच्या पाण्यावर डाळिंबाखाली आणलेला आहे, आणि त्याच्या जोडीला 25-30 माडग्याळी मेंढ्या, काही शेळ्या व अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्या आहेत. माडग्याळ हे गाव याच तालुक्यातले. तेथील उंचापुऱ्या, बाकदार नाकाच्या मेंढीला बाजारात मोठी किंमत येत असल्याने कळपातील एक मेंढी गेली तरी कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात ती जाणवते.

वस्तीवर आधीपासून एक वयस्क गावरान कुत्रा होता. तो कोणी आणलेला नव्हता. आजोबांच्या हातची भाकरी खाऊन तो तेथेच राहिला होता. पुढील सर्व चर्चेत त्याचा विचार फार उशिरा झाला, म्हणून त्याची नोंद येथेच करून ठेवतो. पशुवैद्यक या नात्याने या कुटुंबाच्या मेंढ्यांवर मी बरीच वर्षे उपचार करत आलो आहे, आणि कुत्र्याच्या निवडीसाठीही त्यांनी माझ्याशी सल्लामसलत केली.

नेमकी अडचण

एका उन्हाळ्यात या वस्तीवर तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. विहिरीवरील मोटारीची तांब्याची केबल रात्रीतून कापून नेली गेली. त्यानंतर काही दिवसांनी दोन मेंढ्या वाघुरीतून, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडण्याच्या जाळ्याच्या कुंपणातून, चोरीस गेल्या. पावसाळ्याच्या तोंडावर लांडग्याने पहाटे एक कोकरू उचलले. या तिन्ही घटना एकत्र आल्याने घरात एकच वाक्य घोळू लागले, की आता वस्तीवर चांगले जातिवंत कुत्रे पाहिजे.

चोर हा माणूस असतो आणि तो उजेडाला व आवाजाला घाबरतो. लांडगा भुकेने येतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि उघड्या जागी असलेल्या कोकराची वाट पाहतो. या दोन धोक्यांवर एकच उपाय चालेल हे गृहीत धरूनच कुत्र्याचा शोध सुरू झाला होता. पहिल्या भेटीत मी कुटुंबाला एवढेच विचारले, की कुत्र्याने रात्री नेमके काय करावे अशी तुमची अपेक्षा आहे. कुटुंबप्रमुख म्हणाले, ‘त्यानं धरावं.’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘त्यानं उठवावं, बाकीचं आम्ही बघतो.’ या दोन उत्तरांतील फरकावरच पुढील निवड अवलंबून होती.

विचारात घेतलेले पर्याय

कुटुंबासमोर दोन नावे होती. राजापालयम हे नाव थोरल्या मुलाने मोबाईलवर पाहून पुढे केले होते, तर कारवानीचा आग्रह आजोबांचा होता, कारण त्यांच्या लहानपणी या पट्ट्यात ती कुत्री अनेक घरी असत. दोन्ही जाती भारतीय आहेत, दोन्ही कामाच्या आहेत आणि दोन्हींची शुद्ध जनावरे आज मोजकीच सापडतात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर काढलेल्या तिकिटांमध्ये हिमालयन शीपडॉग आणि रामपूर हाउंड यांच्यासोबत मुधोळ हाउंड (म्हणजेच कारवानी) आणि राजापालयम यांनाही स्थान मिळाले होते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने श्वानांच्या ज्या पहिल्या तीन जातींची नोंदणी केली, त्यांतही चिप्पीपराईसह या दोघांचा समावेश आहे. आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात आणि कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात, ते व्यवहारात एकाच कुळातील कुत्रे आहे. कानांवर व शेपटीवर लांब केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

राजापालयम हा तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावचा कुत्रा होय. पांढराशुभ्र अंगरंग, गुलाबी नाक, भरदार छाती आणि साधारण 65 ते 75 सेंटिमीटर उंची अशी त्याची ठेवण असते. रानडुकराच्या शिकारीसाठी आणि घर-शेताच्या राखणीसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. आपल्या हद्दीबद्दल तो जागरूक असतो, परक्याला सहजासहजी जवळ येऊ देत नाही आणि बहुतेक वेळा एकाच माणसाचा होऊन राहतो. ‘धरावं’ ही अपेक्षा असेल, तर दोघांपैकी हाच कुत्रा त्या अपेक्षेच्या जवळ जातो.

परंतु याच गुणांची दुसरी बाजू या वस्तीवर अडचणीची होती. डाळिंबाच्या छाटणीला, बहार धरताना आणि फळतोडणीला बाहेरच्या मजुरांच्या टोळ्या येतात, व्यापारी येतात, मालाची गाडी पहाटे लागते. परक्यावर धावून जाणारा ताकदवान कुत्रा अशा वस्तीवर दिवसभर बांधूनच ठेवावा लागतो, आणि दिवसभर साखळीला राहिलेला कुत्रा कालांतराने चिडका होतो. याखेरीज या जातीत पांढऱ्या रंगाशी निगडित असलेला जन्मजात बहिरेपणा आढळतो. कातडीत व डोळ्यांत रंगद्रव्य जितके कमी, तितका हा धोका वाढतो, त्यामुळे निळसर डोळ्यांच्या पिल्लाबाबत विशेष सावध राहावे लागते. जतच्या उन्हात गुलाबी नाक व विरळ केसांचा पोटाकडील भाग भाजण्याचाही प्रश्न होता.

कारवानीचा बांधा वेगळा आहे. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत गेलेले पोट, साधारण 65 ते 72 सेंटिमीटर उंची आणि पंचवीस किलोच्या आसपास वजन असलेले हे कुत्रे नजरेने सावज टिपून वेगाने त्याच्यामागे धावण्यासाठी घडलेले आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची निगुतीने पैदास करवली आणि एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, हा इतिहास त्या भागात आजही अभिमानाने सांगितला जातो. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. जतहून अथणी-जमखंडीमार्गे मुधोळला एका दिवसात जाऊन येता येते, आणि तालुक्यात कन्नड बोलणारी माणसे घरोघरी असल्याने तेथे चौकशी करणेही सोपे होते. हवामान तेच, खाणे तेच आणि पिल्लाचे आई-बाप डोळ्यांनी पाहता येण्याची शक्यता, ही कारवानीची मोठी जमेची बाजू ठरली.

तिची उणी बाजूही तितकीच स्पष्ट होती. हे कुत्रे मुळात राखणीचे नव्हे, पाठलागाचे आहे. ते भुंकते कमी, परक्या माणसाने अंगाला हात लावलेला त्याला सहन होत नाही, आणि हलणारी छोटी वस्तू दिसली की हाकेला न जुमानता धावत सुटते. जेथे कोंबड्या मोकळ्या आहेत आणि बांधापलीकडे डांबरी रस्ता आहे, तेथे ही सवय क्षुल्लक मानता येत नाही.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा लांडग्याचा प्रश्न कुत्र्यापासून वेगळा करण्याचा होता, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. हिमालयातील मेंढपाळ ज्या दणकट, दाट केसांच्या कुत्र्यांच्या जोरावर कळप सांभाळतात, त्या प्रकारातील या दोन्ही जाती नाहीत. एकट्या राजापालयमला किंवा एकट्या कारवानीला लांडग्यांच्या जोडीसमोर उभे करणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे होय. शिवाय लांडगा हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे आणि या माळरानांवर त्याचा हक्क आपल्याइतकाच जुना आहे, असे मी मनापासून मानतो. कुटुंबाने वाघुरीऐवजी कोकरांसाठी जमिनीत दीड फूट गाडलेल्या जाळीचा, वरूनही बंद असलेला कोंडवाडा बांधावा असे ठरले. त्याचा खर्च जातिवंत पिल्लाच्या किमतीहून जास्त आला, आणि म्हणून घरात काही दिवस नाराजीही राहिली.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष पिल्ले पाहण्याचा होता. शेजारच्या जिल्ह्यात कुत्री पाळणाऱ्या एका पालकाकडे राजापालयमची वीण झाली होती. तेथे आम्ही पिल्लांची श्रवणक्षमता साध्या पद्धतीने तपासली. भावंडांच्या घोळक्यात असलेले बहिरे पिल्लू इतरांच्या हालचालीवरून जागे होते आणि ऐकू येत असल्यासारखेच वागते, म्हणून एकेका पिल्लाला वेगळे काढून पोत्यावर ठेवावे लागते. त्याच्या नजरेआड, वाऱ्याचा झोत किंवा पावलांचा हादरा लागणार नाही अशा बेताने, स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला. एका पिल्लाने तत्काळ कान टवकारून मान वळवली. दुसरे, जे अंगाने सर्वांत भरदार होते आणि मुलाने मनात पक्के केले होते, ते शांतपणे पोत्याचा सुतळीचा धागा चावत राहिले. वाटी तीनदा वाजली तरी त्याने मान उचलली नाही. माझे पाऊल जमिनीवर पडताच मात्र ते दचकून वळले. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू या तपासणीत सापडत नाही. त्यासाठी मेंदूपर्यंत पोहोचणारे श्रवणसंकेत यंत्राने मोजावे लागतात आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. पिल्लांचे आई-बाप सख्खे नात्यातले असल्याचेही बोलता बोलता निष्पन्न झाले. दुर्मीळ जातीत हे वारंवार घडते, कारण जवळपास दुसरा नरच उपलब्ध नसतो.

याचा अर्थ राजापालयम जातच टाकाऊ आहे असा मुळीच नाही. चांगल्या रक्ताचे, दोन्ही कानांनी ऐकणारे आणि लहानपणापासून माणसांत वावरलेले राजापालयम हे अत्यंत देखणे व निष्ठावान जनावर असते, आणि ते जपले गेले पाहिजे. मात्र चांगल्या विणीपर्यंत पोहोचायचे तर तमिळनाडूत जाऊन राहणे, दोन-तीन पालकांकडे फिरणे आणि कदाचित वर्षभर थांबणे आवश्यक होते. हा वेळ देण्यास घरातील कोणीही मोकळे नव्हते.

तिसरा टप्पा घरातील माणसांचा होता. कुत्र्याला रोज पहाटे फिरवणार कोण, या प्रश्नावर थोरल्या मुलाने स्वतःचे नाव सांगितले, पण पुढच्या वर्षी शिक्षणासाठी तो सांगलीला जाणार हे सर्वांना ठाऊक होते. एकाच माणसाचे होऊन राहणारे कुत्रे त्या माणसाच्या गैरहजेरीत कोणाच्या ऐकण्यात राहणार, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. अखेर पहाटे उठून मेंढ्यांकडे जाणाऱ्या कुटुंबप्रमुखांच्या पत्नीच कुत्र्याच्या खऱ्या सांभाळकर्त्या ठरणार हे मान्य झाले, आणि त्यांचे मत निर्णायक मानले गेले. त्यांना उठवणारे, हलक्या अंगाचे आणि आपल्याला दोरीने आवरता येईल असे कुत्रे हवे होते. त्यामुळे कल कारवानीच्या मादीकडे गेला.

केलेली कार्यवाही

कुटुंबाने तिम्मापूरचे केंद्र पाहिले, वाढलेली जनावरे कशी दिसतात व कशी वागतात हे समजून घेतले, आणि नंतर मुधोळ परिसरातील एका जुन्या पालकाकडून मादी पिल्लू घेतले. शर्यतीच्या नादात ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्ले कारवानी म्हणून सर्रास विकली जातात, म्हणून आई व बाप दोघांनाही उभे, चालताना आणि पळताना पाहण्याचा आग्रह धरला गेला. पालकाने पिल्लू 40 दिवसांचे असतानाच देऊ केले होते, परंतु श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही, आणि त्या वयापर्यंत आईजवळ राहिलेले पिल्लू वागणुकीने अधिक स्थिर होते. कुटुंबाने पैसे देऊन ठेवले आणि पिल्लू मुदतीनंतरच घरी आणले.

पहिल्या वर्षातील कामे नेहमीचीच होती: पार्व्हो व डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, जंताचे औषध आणि मेंढ्यांमुळे सतत होणाऱ्या गोचिडांचा बंदोबस्त. ज्या माळावर लांडगे फिरतात तेथे कुत्र्याचे लसीकरण हे लांडग्यांसाठीही महत्त्वाचे असते, कारण डिस्टेंपर आणि रेबीज हे दोन्ही रोग कुत्र्यांकडून त्यांच्यात जाऊ शकतात. खाण्यात ज्वारीची भाकरी, दूध, अंडी आणि आठवड्यातून काही वेळा मांस असे ठरले. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे या जातीत निरोगीपणाचे लक्षण आहे, हे पाहुण्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

पिल्लू नऊ महिन्यांचे झाले तेव्हा तिने एका सकाळी तीन कोंबड्या मारल्या. कुटुंबप्रमुखांनी ती परत देण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांच्या पत्नींनी मात्र कोंबड्यांसाठी जाळीचा खुराडा करून घेतला, कुत्रीला सकाळी लांब दोरीवर फिरवण्यास सुरुवात केली आणि डाळिंबाच्या कुंपण घातलेल्या पट्ट्यात तिला रोज मोकळे धावू दिले. मेंढ्यांशी तिची सवय लहानपणापासूनच झाली असल्याने त्यांना तिने कधी त्रास दिला नाही.

याच सुमारास आसपासच्या काही तरुणांनी ससे धरण्यासाठी कुत्री मागितली. कारवानी घरात असणे आणि तिला शिकारीला न नेणे हे त्यांना पटत नव्हते. सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि एकदा रानात सावज धरण्याची चटक लागलेली कुत्री वस्तीवर थांबत नाही. आजोबांनी, ज्यांनी तरुणपणी अशा शिकारी जवळून पाहिल्या होत्या, त्यांना स्पष्ट नकार दिला. संबंध काही काळ ताणले गेले, पण कुटुंब आपल्या भूमिकेवर ठाम राहिले.

शेवटचा मोठा प्रश्न तिच्या विणीचा होता. दुर्मीळ जातीची शुद्ध मादी असताना नसबंदी करावी का, यावर मतभेद झाले, आणि मलाही हा निर्णय सोपा वाटला नाही. मूळ पालकाची एक वीण घेण्याची इच्छा होती. परंतु पिल्लांना योग्य घरे मिळवून देण्याची जबाबदारी घेणारे घरात कोणी नव्हते. शिवाय पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेले आहे, आणि माजावर आलेली मादी उघड्या वस्तीवर ठेवणे त्या दृष्टीनेही धोक्याचे होते. दुसऱ्या वर्षी नसबंदी करण्यात आली. चरबी अत्यल्प असलेल्या या प्रकारच्या कुत्र्यांना थायोपेंटोनसारखी भूल जास्त काळ उतरत नाही, त्यामुळे वायुरूप भूल देण्याची सोय असलेल्या ठिकाणी तिला नेले. शस्त्रक्रियेनंतर तिला उबदार ठेवण्याची काळजी घेतली आणि ती सायंकाळी स्वतःच्या पायांनी घरी चालत आली.

निष्पत्ती

कोंडवाडा बांधल्यापासून लांडग्याने कोकरू नेल्याची घटना घडलेली नाही. लांडगे परिसरातून गेलेले नाहीत. पहाटे त्यांच्या पावलांचे ठसे अजूनही बांधावर दिसतात.

चोरीच्या बाबतीत जे दिसले ते कोणीच आधी कल्पिले नव्हते. एके रात्री विहिरीकडे माणसे आली तेव्हा आधी भुंकला तो म्हातारा गावरान कुत्रा. त्याच्या आवाजासरशी कारवानी अंधारात झेपावली, अंगणातील दिवा लागला आणि आलेली माणसे मोटारसायकल सुरू करून निघून गेली. तिने कोणालाही चावले नाही. पुढेही हाच क्रम अनेकदा दिसला: गावरान कुत्रा चाहूल ओळखतो आणि ती धावते. एकटी असती तर ती गप्पच राहून अंधाराकडे पाहत उभी राहिली असती, असे तिच्या सांभाळकर्त्यांचे निरीक्षण आहे आणि मला ते पटते. मजुरांच्या टोळ्यांना तिची अडचण होत नाही, कारण ती परक्यांपासून चार हात दूर राहते.

रस्त्याचा धोका मात्र पूर्ण टळलेला नाही. एकदा मुंगसामागे धावताना ती डांबरी रस्त्यावर गेली आणि थोडक्यात बचावली, त्यानंतर त्या बाजूचे कुंपण सहा फुटांपर्यंत वाढवावे लागले.

वेगळे काय करता आले असते

कोंडवाडा, अंगणातील दिवा आणि विहिरीकडील बाजूचे कुंपण ही कामे कुत्र्याचा शोध सुरू होण्याआधी झाली असती, तर खरी गरज किती उरते हे अधिक नेमकेपणाने कळले असते. कदाचित मग गावरान कुत्र्याच्या जोडीला दुसरे गावरान पिल्लूही पुरले असते. घरातील काहींना हे म्हणणे आजही मान्य नाही, आणि कुत्रीवर जडलेला त्यांचा जीव पाहता तो वाद मी पुढे नेत नाही.

पिल्लाऐवजी वर्ष-दीड वर्षाची, कोंबड्यांत व मेंढ्यांत वाढलेली मादी शोधली असती, तर पहिल्या वर्षातील नुकसान टळले असते. मुधोळ परिसरात शिकारीस नालायक ठरवून बाजूला काढलेली अशी शांत जनावरे अधूनमधून मिळतात, आणि पाठलागाची ओढ कमी असणे हा या वस्तीच्या दृष्टीने गुणच ठरला असता.

नसबंदीपूर्वी मूळ पालकाशी लेखी बोलणी झाली असती, तर एक वीण त्यांच्याच ठिकाणी, त्यांच्या जबाबदारीवर आणि रक्ताचे नाते नसलेल्या नराकडून घेता आली असती. माज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी मादी मुधोळला पोहोचवून पिल्ले दोन महिन्यांची झाल्यावर परत आणणे शक्य होते, आणि पिल्ले ठेवण्यास पालक तयारही होते. हा पर्याय शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर त्यांच्याशी झालेल्या बोलण्यात प्रथम पुढे आला. सध्या त्याच पालकाकडे तिच्या सख्ख्या बहिणीची वीण अपेक्षित आहे, आणि गावरान कुत्रा थकत चालल्याने त्या विणीतील एक पिल्लू घ्यावे की भुंकण्यात तरबेज असे गावरानच पुन्हा आणावे, याचा विचार कुटुंब करत आहे. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे आणि ते मी त्यांना कळवले आहे.